अलक्ष्मीची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परभणीच्या मोंढ्यातून एक चक्कर मारली, की आडत दुकानांच्या गाद्यांवर एकच देखावा दिसतो. धुतलेली पांढरी चादर, चौरंग, चौरंगावर लाल कापडी बांधणीची नवी वही, पहिल्या पानावर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली ‘शुभ-लाभ’, आणि वहीवर विड्याचे पान, सुपारी, हळकुंड, साळीच्या लाह्या व बत्तासे. अलीकडे त्या वहीशेजारी संगणकही येऊन बसला आहे. त्याच्याही काचेच्या कडेला कुंकवाचे बोट लागते आणि मुनीमजी तितक्याच भक्तिभावाने त्याला हात जोडतात. सोयाबीनची धूळ अजून अंगणात असते, कापसाच्या गाड्या दाराशी येऊ लागलेल्या असतात, आणि वर्षाच्या या वळणावर व्यवहाराला जणू नव्याने शुचिर्भूत करून घेतले जाते.

घरोघरी याच सुमारास नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाते. मग उत्तररात्री, जिथे जुनी चाल अजून टिकून आहे तिथे, घरातली जाणती बाई सूप वाजवीत खोल्याखोल्यांतून अलक्ष्मीला हुसकावत उंबऱ्याबाहेर घालवते. वर्षभराची अडगळ, रोगराई, दारिद्र्य, भांडण, सारे त्या आवाजाबरोबर बाहेर पडते, दार लागते आणि घर निश्चिंत होते. लक्ष्मी आली ती वहीत जमेला लागते. अलक्ष्मी गेली ती मात्र कुठल्याच वहीत नावे पडत नाही. ती कुठे गेली, कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, हे आपण कधी विचारीत नाही. या सणाच्या निमित्ताने ते एकदा विचारून पाहू.

आपल्या पणज्या-पणजोबांच्या काळी गावात पटकीची साथ आली, की मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडीत. शेजारच्या गावाला जाग येई तेव्हा गाडा त्याच्या शिवेत उभा असे. ते गाव घाईघाईने तो पुढच्या शिवेत ढकली, आणि असा तो गाडा भयाच्या वाटेने गावोगाव फिरत राही. त्या भाबड्या लोकांना आज हसणे सोपे आहे. पण शहाण्यासुरत्या, श्रीमंत जगाने विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच केले. गाड्याच्या जागी जहाज आले, एवढेच. १९८६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्ट्यांची सुमारे १४ हजार टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले. बंदरामागून बंदर त्याला नकार देत गेले. १९८८ च्या आरंभी त्यातली काही हजार टन राख हैतीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली, आणि कागदावर तिचे नाव लिहिले होते ‘खत’. उरलेली राख समुद्रात गेली. जहाजाने वाटेत आपले नावही बदलले. मातीवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना खत या शब्दाची ही विटंबना जास्त झोंबावी.

अशा प्रकरणांनी जगाची झोप उडाली आणि २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात एक करार झाला. तो ५ मे १९९२ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी भारतही त्यात सामील झाला. त्याचे सार आपल्या मोंढ्याच्या भाषेत सांगता येईल. ज्याच्या शिवेत घातक माल न्यायचा, त्याची लेखी संमती आधी घ्यायची; माल निघाला की त्याच्याबरोबर कागद चालला पाहिजे; आणि माल पोचला, त्याची नीट विल्हेवाट लागली, असे घेणाऱ्याने लिहून कळवले पाहिजे. फसवून पाठवलेला माल पाठवणाऱ्याच्या दारात परत गेला पाहिजे.

करार होऊनही गाडा आपल्या शिवेत आलाच. मुंबईसमोरच्या न्हावा शेवा बंदरात तेलाचे १३३ कंटेनर येऊन पडले. कागदावर ते वंगण तेल होते; तपासले तेव्हा घातक टाकाऊ तेल निघाले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरावी, या तत्त्वाची ती ठसठशीत नोंद ठरली. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. हैतीत राखेला खत म्हटले गेले, न्हावा शेव्यात टाकाऊ तेलाला वंगण. दोन्हीकडे माल शिवेत शिरला तो खोट्या नावाने.

आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी विल्हेवाटीसाठी परदेशी घातक कचरा आणण्यास बंदी घातली. पुनर्वापरासाठी किंवा त्यातून काही मिळवण्यासाठीच तो आणता येतो, आणि बेकायदा आलेला माल ९० दिवसांत परत धाडणे आयातदारावर बंधनकारक आहे. देशातल्या देशात घातक कचरा हलवायचा तर याच नियमांत सात प्रतींचे एक वाहतूकपत्र आहे. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी अशा त्याच्या रंगीत प्रती. पिवळी पाठवणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे. काही प्रती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. या साऱ्यांत निळ्या प्रतीचे मोल आगळे. माल पोचल्यावर ती घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे माघारी येते. सासरी गेलेल्या लेकीचे ‘सुखरूप पोचले’ असे पत्र यावे, तशी ती येते. ती आली नाही तर काळजात धस्स व्हायला हवे. ते होत नाही, कारण कागद ट्रकच्या खणात भिजतो, फायलीत दबतो, टपालात हरवतो, आणि निळ्या प्रतीची वाट कुणी पाहतच नाही.

इथेच संगणकाची वही कामाला येते. युरोपीय संघाने २०२४ साली कचरा वाहतुकीचा नवा कायदा केला आणि सीमेपार जाणाऱ्या कचऱ्याची सूचना, संमती, प्रत्येक खेपेची नोंद व पोचपावती एका मध्यवर्ती संगणकप्रणालीतूनच व्हावी यासाठी २१ मे २०२६ ही तारीख नेमली. लोखंडाचे भंगार, रद्दी यांसारख्या तुलनेने निरुपद्रवी मालाचे कागदही याच प्रणालीत आणायचे ठरले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण मोठ्या तोऱ्याने मिरवतो. तर त्या जर्मनीने आपल्या देशातल्या घातक कचऱ्याची कागदपत्रे २०१० सालीच संगणकावर नेली होती. म्हणीचा पूर्वार्ध वहीच्या बाबतीत इतका पुढे गेला असेल, तर उत्तरार्धानेही आपला वेग पाहायला हरकत नाही.

आपण अगदीच मागे आहोत असेही नाही. आपल्या बंदरांतल्या सीमाशुल्काचे कागद ‘ई-संचित’ या व्यवस्थेतून संगणकावरच दाखल होतात. मात्र कागदाचे छायाचित्र संगणकात ठेवणे आणि कागदातला आकडा संगणकाला कळणे, यात फरक आहे. छायाचित्राला बेरीज येत नाही. पाठवणाऱ्याने लिहिलेले वजन आणि घेणाऱ्याच्या काट्यावर भरलेले वजन शेजारी मांडून ‘इथे तूट आहे’ असे बोट ठेवते, ती खरी वही. मोंढ्यातला शेतकरी भरल्या गाडीची आणि रित्या गाडीची काटापट्टी जुळवून पाहतो, ते त्याच शहाणपणाने.

तरीही यंत्रावर सारा भार टाकून आपल्याला झोपता येणार नाही. प्लास्टिकच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे देणारी आपली व्यवस्था संगणकावरचीच होती, आणि तरीही २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या काही उद्योगांकडून निघालेली खोटी प्रमाणपत्रे लाखांनी मोजावी लागली. खोटे हाताने लिहिले काय आणि कळफलकावर बडवले काय, खोटेच. संगणक नोंद हरवू देत नाही, मागाहून खाडाखोड करू देत नाही, खोटे लवकर उजेडात आणतो. पहिला आकडा खरा टाकण्याचे काम मात्र अजूनही माणसाकडेच आहे. म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी वहीची पूजा मांडली. खोटे लिहिताना, शाई ओली असतानाच हात थरथरावा, हा त्या पूजेमागचा भाव होता.

हे सारे बंदरावरचे, दूरदेशीचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणावे तर शेजारचे जालना डोळ्यांसमोर येते. तिथल्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावर धगधगतात आणि त्या भंगारापासून निघालेल्या सळया आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये बसतात. तिथेच कोरड्या बंदराची, ड्राय पोर्टची, पायाभरणी २०१५ साली झाली. म्हणजे समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर असला, तरी त्याचे दार आपल्या शिवेला येऊन भिडू पाहते आहे. ज्या कारखान्यात युरोपातले भंगार जाणार, त्याची तटस्थ तपासणी २०२७ च्या मे महिन्यापासून तिकडच्या कायद्याने सक्तीची ठरवली आहे. भट्टी चालवणाऱ्यालाही उद्या आपली वही उघडून दाखवावी लागेल, आणि ज्याची वही चोख त्याच्याच दारात माल येईल. दिवाळीच्या साफसफाईत आपण हातगाडीवाल्याला देतो तो बिघडलेला इन्व्हर्टर, ती जुनी बॅटरी, तो फुटका टीव्ही, हेदेखील याच मोठ्या प्रवाहाच्या उगमाचे ओहळ आहेत. चार पैसे हातावर पडतात आणि आपण दार लावून घेतो. बॅटरीतले शिसे कुणाच्या अंगणात वितळते, हे त्या बंद दाराआडून दिसत नाही.

आपला सण निर्मळतेचा आहे, आणि आपले घर झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटणे याला आपल्या आयाबायांनीही कधी निर्मळता म्हटले नाही. सूप वाजवून अलक्ष्मीला घालवण्याची चाल खुशाल राहो. तिच्या जाण्याचीही नोंद तेवढी व्हावी. रात्र सरली की पाडवा. नव्या वहीचे पहिले पान लक्ष्मीचे, ते तसेच असू द्या. शेवटचे एक पान मात्र अलक्ष्मीसाठी राखू आणि दुकान असो, कारखाना असो की घर, त्या पानावर तीन रकाने आखू: काय गेले, किती गेले, कुठे पोचले. तिसरा रकाना कोरा असेल, तर हिशोब मिटला असे कुणी समजू नये.