हमी सरकारची, मग सातबारा माझा कशाला?



आज पिकाचं नाही, कर्जाचं लिहितोय. कालपासून चार ग्रुपवर एकच पोस्टर फिरायलंय. "अन्नप्रक्रिया उद्योगासाठी १० लाखांपर्यंत अनुदान, आजच लाभ घ्या." खाली दहा कमेंट, "फॉर्म कुठं मिळेल साहेब". इनबॉक्समध्ये विचारणारे निराळेच, कारण माझी हळदीची चक्की आहे हे सगळ्यांना ठाऊक. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहितो. कडू लागलं तर लागू द्या, हळदही कडूच असते.

आधी योजना काय ते नीट समजून घ्या. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० साली आली. तरतूद १० हजार कोटींची, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे पोस्टरवरचे ते १० लाख मिळायला प्रकल्प साडेअठ्ठावीस लाखांच्या वर लागतो. हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं. तुमच्या-माझ्यासारख्याचा प्रकल्प १० लाखांचा. त्यात ७ लाखांची मशिनरी, ३ लाखांचं शेड (बांधकाम ३० टक्क्यांच्या वर चालत नाही). स्वतःचे १० टक्के म्हणजे १ लाख, बँकेचे ९ लाख, अनुदान साडेतीन लाख. अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत बाजूला पडून राहतं आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नीट चाललं, युनिट चालू राहिलं, तरच कर्जात वळतं होतं. या अटीवर माझी तक्रार नाही. पत्रे ठोकून अनुदान उचलून कुलूप लावणारे आपल्यातच निघाले, म्हणून ही अट आली.

माझी तक्रार दुसरी आहे, आणि ती मुळावर आहे.

ही कर्जं सरकारी हमीची म्हणतात. सीजीटीएमएसई नावाचा हमी ट्रस्ट २००० साली केंद्र सरकार आणि सिडबीनं मिळून काढला. तो कशासाठी? ज्याच्याकडं तारण द्यायला काही नाही त्यालाही धंद्याला कर्ज मिळावं म्हणून. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीचा मोठा वाटा ट्रस्ट भरून देतो. त्याशिवाय २०१० पासून रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण घ्यायचंच नाही. "घेतलं नाही तर बरं" असं नाही, घ्यायचंच नाही. कर्जातून घेतलेल्या मशीनवर बँकेचं नजरगहाण राहतं, ते वेगळं. ते असणारच.

आता शाखेत जाऊन बघा. माझ्या केसच्या वेळी साहेबांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, "जमीन किती, कोणाच्या नावावर?" मी म्हणलं, साहेब, हमी योजना आहे ना. तर म्हणाले, "हमी आहे हो, पण आमच्या समाधानासाठी सातबारा ठेवू." समाधानासाठी! वडिलांच्या नावावरची जमीन, दोन भावांची संमती, पीक कर्जाचा बोजा आधीच इतर हक्कात चढलेला, त्यावर हा दुसरा. संमतीपत्रासाठी धाकट्याला पुण्याहून सुट्टी काढून यावं लागलं. शेवटी बोजा चढला आणि मगच कर्ज सुटलं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण एका शाखेचा हा दोष नाही. तुमच्या तालुक्यात जाऊन विचारा, हेच ऐकाल.

मला तरी ठेवायला सातबारा होता. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायांकडं तोही नाही. मिरची कांडपाची केस होती, कागद माझ्यापेक्षा चांगले, गटाची परतफेड एकदाही चुकलेली नाही. शाखेत विचारणा झाली, "जमीन कोणाच्या नावावर?" नवऱ्याच्या. "मग नवऱ्याला घेऊन या." नवरा नाही म्हणाला, फाईल तिथंच राहिली. तारण नसलेल्यांसाठी काढलेली हमी, आणि तारण नाही म्हणून तीच बाई परत. मग ही हमी नेमकी कोणाच्या कामाला आली? बँकेच्या. तिला ट्रस्टची हमीही पाहिजे आणि माझी जमीनही पाहिजे.

एक गैरसमज आपल्या बाजूचाही आहे, तो इथंच काढून टाकतो. सरकारची हमी म्हणजे कर्ज बुडालं तर सरकार भरेल, असं नाही. हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. ट्रस्टनं बँकेला पैसे दिले तरी तुमच्याकडची वसुली चालूच राहते आणि सिबिल खराब होतं ते वेगळंच. "सरकारी कर्ज आहे, बघू पुढं" असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादाला लागू नका.

आता दुसरी गोष्ट, जी मला तारणापेक्षाही जास्त टोचते. खेळतं भांडवल.

या योजनेचं अनुदान मशिनरी आणि बांधकामापुरतं. कच्चा माल घ्यायचा पैसा त्यात नाही. आपल्या वसमत-हिंगोली पट्ट्यात हळद मोंढ्यात येते ती मार्च ते जून. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश झालं की शेतकरी माल घरात ठेवत नाही, देणी असतात. चक्कीवाल्याला वर्षभराची हळद याच तीन-चार महिन्यांत भरून ठेवावी लागते. हिशोब करू. रोज एक क्विंटल दळायचं, वर्षात २५० दिवस. म्हणजे २५० क्विंटल. भाव सोपा जावा म्हणून १२ हजार धरा, तर ३० लाखांची हळद. मशीन ७ लाखांचं आणि त्याच्या तोंडात टाकायचा माल ३० लाखांचा! कर्ज कशाला मिळालं? मशीनला. म्हणून पल्व्हरायझर नवा कोरा चमकतोय आणि मालक ऑगस्टमध्ये दुसऱ्याची हळद किलोमागं मजुरीवर दळून देतोय. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला.

माझ्या माहितीतली जी युनिटं बंद पडली, त्यांतली बहुतेक अशीच पडली. मशीन बिघडलं म्हणून नाही, मार्केट नाही म्हणूनही नाही. मे महिन्यात खिशात पैसा नव्हता म्हणून. आणि वर ऐकायचं काय, "शेतकऱ्याला धंदा जमत नाही."

गंमत अशी की नियम इथंही आहेत. पी. आर. नायक समितीनं १९९२ मध्येच सांगून ठेवलंय की लहान उद्योगाला अंदाजी वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल बँकेनं द्यावं. ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आजही आहे. मुदत कर्ज आणि खेळतं भांडवल एकाच अर्जावर, एकत्रित कर्ज म्हणून १ कोटीपर्यंत देता येतं, हेही आहे. ४० लाखांची उलाढाल दाखवली तर २० टक्क्यांनी ८ लाख झाले, म्हणजे ६६ क्विंटल, साधारण तीन महिन्यांचा माल. वर्षाला पुरत नाही, पण चक्की मजुरीवर जाण्यापासून वाचते. मग प्रकल्प अहवालात ही रक्कम कोणी मागतच का नाही? कारण अहवाल तयार करणाऱ्याला अनुदान बसवायचं असतं, आणि खेळत्या भांडवलावर अनुदान बसत नाही. जुनी पीएमईजीपी या बाबतीत शहाणी होती, तिच्यात प्रकल्प खर्चातच खेळत्या भांडवलाचं एक आवर्तन धरता येतं. आणि याच अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटातल्या बाईला खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी ४० हजारांचं बीज भांडवल आहे. म्हणजे गरज सरकारला कळलेली आहे. बाकीच्यांच्या बाबतीत विसरले.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, ६ टक्के व्याजानं सहा महिने, मालाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, हळदही चालते. चांगली योजना आहे, शेतकरी म्हणून मी वापरलीय. पण ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाला, व्यापाऱ्याच्या मालाला नाही. मी शेजाऱ्याकडून दहा क्विंटल विकत घेतली की त्या मालापुरता मी व्यापारी. आणि बँकेच्या दारात गेलो की पुन्हा शेतकरी, कारण तिथं सातबारा पाहिजे असतो. आम्ही नेमके कोण, एकदा ठरवा बाबा.

अनुदानाची टक्केवारी वाढवा म्हणून निवेदनं देणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनाही एक आकडा सांगतो. मी एकाच पल्व्हरायझरचं एकाच दुकानातून दोनदा कोटेशन घेतलं. रोखीनं १ लाख ६० हजार. "योजनेत बसवायचंय" म्हणल्यावर २ लाख १०. ३५ टक्के वजा केले तर मला पडला १ लाख ३६ हजार ५०० ला. म्हणजे सरकारनं दिले ७३ हजार ५००, त्यातले माझ्याकडं आले २३ हजार ५००, आणि बाकीचे ५० हजार? दुकानदाराचा काय दोष, पैसे उशिरा येतात म्हणून तो आधीच लावून घेतो. टक्केवारी ५० केली तर कोटेशन अडीच लाखांचं होईल. त्यात अनुदान बँकेत जमा होईपर्यंत व्याज पूर्ण ९ लाखांवर. ११ टक्के धरलं तर अनुदानाच्या साडेतीन लाखांवरच महिन्याला ३ हजार २०० च्या आसपास. आठ महिने उशीर झाला की २५ हजार गेले.

आता बँकवाल्यांची बाजू. ती ऐकली नाही तर हे लिहिणं एकतर्फी होईल. आमच्या शाखेत तीन माणसं आणि पंधरा गावं. खातं थकलं तर जाब मॅनेजरला विचारतात, ट्रस्टला नाही. हमीचा दावा करायचा तर कागदांचा ढीग, एखादी त्रुटी निघाली की दावा अडकला. साहेबाला जमीन ठेवून घेणं सोपं वाटतं ते म्हणून. मी समजू शकतो. पण त्याची सोय करायला नियम मोडायचा आणि मोडल्याची किंमत बचत गटातल्या बाईनं द्यायची, हे मला मान्य नाही. दाव्याची पद्धत सोपी करून घेणं बँकांच्या वरच्या लोकांचं काम आहे, त्यांनी दिल्ली-मुंबईत भांडावं.

आणि कृषी खात्यातल्या मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण हे पान वाचता म्हणून बोलतो. तुमचा लक्ष्यांक मोजला जातो मंजूर कर्जांवर. जिल्हा संसाधन व्यक्तीला एका केसमागं २० हजार मानधन, अर्धं कर्ज मंजूर झाल्यावर आणि अर्धं नोंदणी, परवाने, प्रशिक्षण झाल्यावर. त्या पोरांनी मेहनत केली नाही असं मी म्हणणार नाही, माझी फाईल एका पोरानंच पाच वेळा चालवली. पण दुसऱ्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडं हळद घ्यायला पैसा आहे का, हे विचारायचं काम कोणाच्याच कागदावर नाही. आढावा बैठकीत "किती मंजूर" सोबत आणखी दोन रकाने घाला. दोन वर्षांपूर्वीच्या मंजूर केसपैकी आज किती युनिटं स्वतःचा माल दळतात, आणि १० लाखांच्या आतल्या किती कर्जांना जमिनीचा बोजा चढलाय. दुसरा आकडा तर तलाठ्याकडं बसल्या जागी मिळेल.

ज्यांना या हंगामात केस करायचीच आहे त्यांनी एवढं करा. अर्ज तोंडी देऊ नका, लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. पोच देणं बँकेला बंधनकारक आहे आणि २५ लाखांपर्यंतच्या अर्जाचा निर्णय १४ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. पोच नसेल तर तुमचे १४ दिवस कधी सुरूच होत नाहीत. त्याच अर्जात मुदत कर्जासोबत खेळतं भांडवल मागा, उलाढालीचा हिशोब जोडून. जमीन मागितली तर भांडू नका, "तेवढं लिहून द्या साहेब" म्हणा. लिहून कोणी देत नाही, पण मागणी बहुधा तिथंच थांबते. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि त्याची एक प्रत जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडं टाका. आणि मशिनचं कोटेशन घेताना योजनेचं नाव काढू नका.

ज्यांच्या १० लाखांच्या आतल्या कर्जाला बोजा चढलाय त्यांनी मला मेसेज करा. नाव-गट नंबर नको, फक्त कर्जाची रक्कम, वर्ष आणि तालुका. पन्नास झाले की यादी करून अग्रणी बँकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आपण एकत्र देऊ. बचत गटातल्या ताईंनी तर नक्की कळवा, नाकारलेल्या केसही त्यात घेतोय.

करप्याच्या फवारणीचं विचारणाऱ्यांनी दोन दिवस थांबा, पाऊस उघडला की प्लॉटचे फोटो टाकतो.