वजनात न मावणारा मासा

दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत पहिल्याच पानावर मासळी पाहून काही वाचक नाक मुरडतील. पण यंदाच्या अंकाचा विषय ‘अन्न’ आहे आणि मासळी म्हटलं की आपली नजर कोकणापलीकडे जात नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. देशातली सुमारे तीन चतुर्थांश मासळी नद्या, तळी आणि धरणांतून येते.

गोड्या पाण्यातल्या मासळीच्या या भरभराटीमागे विज्ञान आहे. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. त्याआधी मत्स्यबीज पुराच्या पाण्यातून गोळा करावं लागे. पुढे रोहू, कटला, मृगळ या कार्पांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, गावोगावच्या तळ्यांत पोहोचली. हे यश मोठंच आहे.

पण त्याची एक किंमत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले अनेक कोहळी समाजाने धानासाठी बांधले, मासेमारी मात्र ढिवर समाजाची. बोटुकली सोडण्याआधी तळं ‘साफ’ करायचं, ही मत्स्यशेतीची शिकवण. त्यासाठी मोहाची पेंड टाकायची, म्हणजे स्थानिक मासे मरतात आणि बोटुकलीला वाटेकरी उरत नाही. मरळीसारखा शिकारी मासा त्यात जातो, तशी बोटाएवढी चिल्लर मासळीही जाते.

ही चिल्लर डोक्या-काट्यासकट खाल्ली जाते. म्हणून तिच्यातून कॅल्शियम, लोह, जस्त आणि ‘अ’ जीवनसत्त्व पोटात जातं. रोहूच्या तुकडीचा काटा मात्र ताटाबाहेर राहतो. बांगलादेशातल्या ‘मोला’सारख्या लहान माशांच्या पोषणमूल्यावरच्या कामासाठी डॉ. शकुंतला थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोला आणि कार्प एकाच तळ्यात सुखाने वाढतात, हेही तिथे दिसून आलं.

शिवाय रोहू बाजारात जातो, चिल्लर घरात राहते. पकडणाऱ्याच्या लेकरांच्या वाट्याला येते ती हीच. टनांचा हिशेब ठेवणाऱ्या कागदावर तिला रकाना नाही.

आमचं म्हणणं एवढंच: बोटुकली जरूर सोडा, पण चिल्लरीला तण समजू नका. तलावाचा ठेका देताना किती मासा निघाला याबरोबरच गावात किती खाल्ला गेला, हेही विचारा.

 

— संपादक