गटाराचा ‘ग्राहक’ कोण?

वस्तू वापरणाऱ्याला विचारून घडवावी, असं डिझाइनच्या वर्गात शिकवतात. मग गटारात उतरणाऱ्याला कुणी विचारलं? सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. केरळच्या तरुण अभियंत्यांचा ‘बँडिकूट’ रोबो २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलमध्ये उतरला. म्हणजे तंत्रज्ञान नाही, ही सबब संपली. पण खरेदी करणार पालिका, निविदा भरणार ठेकेदार, आणि त्याच्या हिशेबात यंत्रापेक्षा आपला माणूस स्वस्त! जात फुकटात मजूर पुरवत असेल तर नवं यंत्र शोधायची, घ्यायची निकड कुणाला? (हातमोजे वाटून फोटो काढणाऱ्यांना तर नाहीच.) आम्हाला रोबो हवाच. पण तो चालवायची कायम नोकरी त्याच कामगाराला द्या आणि यंत्राच्या निविदेच्या अटी ठरवताना त्याला बैठकीत बसवा.