ताप मोजता, पण डब्बा कुठे खातात ते पाहिलं का?

२०२० चा जुलै उजाडला, कामगार परत येऊ लागले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता : "सर, सॅनिटायझर किती लिटर घेऊ?" माझं मत स्पष्ट सांगतो. सॅनिटायझर घ्या, पण त्याला धोक्याचा हिशोब म्हणू नका.

३० एप्रिल २०२० च्या केंद्राच्या यादीत आपला वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये होता. मे महिन्यात इथेही पहिला रुग्ण निघाला. म्हणजे झोनच्या रंगावर धंदा चालवता येत नाही.

मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरात एका इमारतीत काय झालं बघा. ११४३ जणांची तपासणी झाली, ९७ बाधित निघाले. त्यातले ९४ एकाच मजल्यावरचे, तिथल्या कॉल सेंटरमध्ये २१६ माणसं कामाला. बहुतेक बाधित तर एकाच बाजूला बसणारे! लिफ्ट आणि खालचा दरवाजा सगळ्यांचा एकच होता, तरी बाकी मजले जवळजवळ वाचले. धोका होता तो तासन् तास जवळ बसून बोलण्यात.

आता आपल्याकडे या. कोरा कागद घ्या आणि एका कामगाराचा दिवस लिहून काढा, घरून निघाल्यापासून. देवळीहून काळीपिवळीत दाटीवाटीनं आला? पॅकिंगच्या टेबलावर समोरासमोर किती तास? मशीनच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं का? पाऊस आला की शटर खाली, खिडकी बंद. आणि दुपारी? दिवसभर मास्क लावलेले सहा जण एकाच सतरंजीवर गोल करून डब्बा उघडतात, एकमेकांची भाजी चाखतात. आपली पद्धतच तशी, छान आहे, पण साथ असताना दोन-दोन जणांना वेगवेगळ्या वेळी जेवायला सोडा. केंद्राच्या एप्रिल २०२० च्या नियमांतही जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या ठेवायला सांगितलं होतं. याला एक रुपया लागत नाही.

पण कागदावर न दिसणारा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे रोजी. वाळूजच्या बजाज ऑटोत तेव्हा आठ हजार कामगार होते. कंपनीनंच सांगितलं की २६ जून २०२० पर्यंत १४० बाधित झाले, दोघांचा मृत्यू झाला. युनियननं काही दिवस काम थांबवा म्हटलं. कंपनीनं काम चालू ठेवलं आणि जो येणार नाही त्याला पगार नाही, असं कळवलं. मोठ्या कंपनीचं गणित मोठ्या कंपनीपाशी. तुम्ही ती नक्कल करू नका.

का? समजा तुमच्या युनिटमध्ये सहा जण, रोजी ३५० रुपये. एकाला रात्री कणकण आली. घरी बसला तर १४ दिवसांचे ४९०० गेले. तो काय करेल? क्रोसिन घेईल आणि सकाळी तुमच्या दारात उभा राहील. तुमची तापाची बंदूक 'नॉर्मल' दाखवेल! मग चार दिवसांनी सहाही जण घरी, ऑर्डर अडकलेली, ॲडव्हान्स परत मागणारा व्यापारी फोनवर.

निदान अर्धी रोजी द्या. म्हणजे २४५० रुपये. आणि ईएसआय लागू असेल तर पात्र कामगाराला आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन तिथून मिळतं, ते कागद आत्ताच तपासून ठेवा. हे सगळं पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा : "ताप असेल तर फोन कर भाऊ, येऊ नको. पैसे कापले तरी पूर्ण कापणार नाही."