पंखा कितीचा घ्यावा?

नारळी पौर्णिमेला मालवणला जायचं हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. नारळ सोडायला जातो असं घरी सांगतो. खरं म्हणजे आतेभावाच्या होडीतून एक चक्कर मिळते म्हणून जातो. पुण्यात बसून समुद्राबद्दल हळवं व्हायला सोपं असतं. होडीत बसलं की अर्ध्या तासात तो हळवेपणा उतरतो आणि पेट्रोलचा वास तेवढा उरतो. असो.

तर २०२३ च्या नारळी पौर्णिमेची गोष्ट. दादाने (म्हणजे आतेभावाने) नवीन इंजिन घेतलं होतं. ९.९ हॉर्सपॉवरचं, चार स्ट्रोकचं आउटबोर्ड. फायबरची होडी तीच, जुनी. चार माणसं, कांडाळी जाळ्यांचा ढीग, बर्फाची पेटी, पेट्रोलचे कॅन असा सगळा संसार घेऊन निघालो. बंदरातल्या खडकांतून वाट काढून बाहेर आल्यावर दादाने मूठ पूर्ण पिळली, आणि मला काहीतरी खटकलं. इंजिन ओरडत नव्हतं, कण्हत होतं. चढावर चौथ्या गिअरमध्ये एसटी अडकली की जसा आवाज येतो ना, तसा.

"आवाज घोगरो येता," मी म्हटलं.

"येऊंदे. नवीन इंजिन आसा, बसाक वेळ लागतलो."

मी गप्प बसलो. पण गप्प बसवेना, कारण याआधीचं इंजिन मला आठवत होतं. २०२१ मध्ये त्याचा पिस्टन जाम झाला, तोही तिन्हीसांजेला, किनारा नुसता पुसट दिसत असताना. शेजारच्या वाडीतल्या होडीने दोर टाकून ओढत आणलं. माणसं सुखरूप आली हे खरं, पण इंजिन भंगारात गेलं आणि त्याचे पतसंस्थेचे हप्ते मात्र चालूच राहिले. तेव्हा बंदरावर ज्याने त्याने निदान केलं. पेट्रोलमध्ये भेसळ. ऑइल हलकं. नजर लागली. इंजिनाच्या शेपटीला जो पंखा फिरतो त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मीही नाही.

माझं मत असं आहे (आणि ते मी आता कुणालाही ऐकवतो, विचारो न विचारो), की आपण इंजिन घेताना दहा दुकानं फिरतो, हॉर्सपॉवरवर वाद घालतो, आणि पंखा मात्र खोक्यातून जो निघेल तो निमूट लावतो. हे म्हणजे बैल पारखून घ्यायचा आणि जू कुणाचंही चढवायचं, तसं झालं.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. दादाच्या पंख्यावर ९¼ × १० असे होते. पहिला आकडा व्यास, इंचात. दुसरा पिच. पिच म्हणजे काय, तर लाकडात स्क्रू पिळल्यासारखा पंखा पाण्यात एक फेरी फिरला, आणि पाणी जरासुद्धा घसरलं नाही, तर होडी किती इंच पुढे जाईल तो आकडा. पाणी अर्थातच घसरतं. आता गंमत बघा. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे मारतं तेव्हा मधल्या गिअरमुळे पंखा साधारण त्याच्या निम्मे, २,७५० मारतो. गुणिले १० इंच. हिशोब केला तर तासाला जवळजवळ ४२ किलोमीटर होतात! आमची भरलेली होडी बारा-तेरा गाठली तरी नशीब. म्हणजे तो पंखा हलक्या, पाण्यावरून पळणाऱ्या होडीसाठी केलेला, आणि आम्ही तो जाळ्यांनी लादलेल्या होडीला लावून वर मूठ पूर्ण पिळून बसलेलो.

एवढ्या मोठ्या पिचचा पंखा फिरवायला इंजिनाला ताकद पुरत नाही. मग ते आपले पूर्ण फेरे गाठतच नाही. थ्रॉटल पूर्ण उघडलेला, पेट्रोल आत येतंय, आणि फेरे कमी. आत उष्णता साठते, काजळी धरते, पिस्टन-रिंगवर ताण येतो. बाहेर दिसत काहीच नाही. होडी चालते. रोज चालते. आणि मग एका तिन्हीसांजेला चालत नाही.

हे सगळं ताडून बघायला काय लागतं? एक मीटर. टॅकोमीटर म्हणतात त्याला. आगपेटीएवढा असतो, त्याची वायर स्पार्क प्लगच्या वायरीवर गुंडाळायची की झालं. इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत म्हणजे चहापाणी. तो मी पुण्याहून मागवला आणि दिवाळीत घेऊन गेलो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने किती ते किती फेरे मारावेत. दादाच्या इंजिनाला ५,००० ते ६,००० होते. (ते मॅन्युअल कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवाच्या पोथीसारखं गुंडाळून ठेवलेलं. उघडलं मी पहिल्यांदा.)

भरल्या होडीला आकडा आला ४,३००.

मग दोघंच बसून, रिकामी होडी पळवली. ५,१००. तेव्हा उलगडा झाला. दुकानाच्या माणसाने इंजिन बसवून दिल्यावर चाचणी घेतली होती ती अशीच, रिकाम्या होडीत, दोन माणसांत. सगळं झकास! त्याला मी फार दोष देत नाही, पण थोडा देतोच. मासेमारीची होडी विकत घेणारा माणूस समुद्रात रिकामा जाणार आहे का हो?

"पिच कमी करूया. आठचो लावूया," मी म्हटलं.

"तू पुण्यात बसान माका पंखो शिकवतस? पंखो बारीक केलो तर बोट धावतली कशी?"

आता इथे माझी बाजू जरा लंगडी होती, ते सांगितलं पाहिजे. जुन्या इंजिनाच्या वेळी, म्हणजे २०१९ मध्ये, मी हौसेने त्याला स्टेनलेस स्टीलचा पंखा भेट दिला होता. चकचकीत, पातळ पात्यांचा, ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट महाग. पाती वाकत नाहीत, पाणी चांगलं कापतं, असं कुठेतरी वाचून. दुसऱ्याच आठवड्यात बंदरातल्या खडकावर बसला. पंख्याला ओरखडासुद्धा नाही. आतला शाफ्ट वाकला! ॲल्युमिनियमचा असता तर पातं दुमडलं असतं, ठोकून सरळ केलं असतं, फार तर पंखा फेकला असता. मालवणसारख्या खडकाळ बंदरात पंखा हा आधी मोडणारा असावा, हे ज्ञान मला दादाच्या पैशांनी मिळालं. तेव्हा त्याचा अविश्वास रास्त होता.

आणि त्याचा दुसरा मुद्दा तर मला निरुत्तर करणारा होता. वेग त्याला मिरवायला नको असतो. सकाळी लिलावाला जी होडी आधी लागते तिच्या मासळीला गिऱ्हाईक भांडतं, आणि तासाभराने आलेल्याला मिळेल तो भाव. बंदरात वीस मिनिटं आधी पोचणं म्हणजे पैसे. माझ्यासारख्याने पुस्तकी थाटात 'वेगाचा हव्यास' वगैरे बोलणं सोपं आहे. मला लिलावात उभं राहायचं नसतं.

पण मुद्दा नेमका तिथेच आहे. ज्या दिवशी भाव मिळवायचा असतो त्या दिवशी होडी भरलेली असते. मोठ्या पिचचा पंखा रिकाम्या होडीला पळवतो, म्हणजे ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचणार. भरल्या दिवशी तोच पंखा इंजिनाचा गळा धरतो. म्हणून पंखा निवडायचा तो जड दिवसासाठी. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, बिडी पेटवली. म्हणजे पटलं होतं.

(मोठं ते चांगलं हा समज काही आपलाच नाही. १८३७ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा इंग्रज लंडनच्या कालव्यात लाकडी स्क्रूवर चालणारी बोट फिरवत होता. स्क्रूला दोन पूर्ण वेढे होते. कशाला तरी आपटून त्यातला एक तुटला आणि बोट आधीपेक्षा जोरात पळाली!)

नवीन पंखा आणला तो त्याच व्यासाचा, आठ पिचचा, ॲल्युमिनियमचा. ढोबळ नियम असा की एक इंच पिच कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात, लहान इंजिनाला कधी जास्तही. भरल्या होडीला आकडा आला ४,८५०. म्हणजे अजून पाच हजारांच्या आतच. मी सात पिचच्या गोष्टी करायला लागलो, तर दादा म्हणाला थांब. होडी वाळूत ओढून उलटी केली. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचं असं रान माजलेलं, की विचारू नका. दोन तास खरवडत बसलो. दुसऱ्या दिवशी तेच ओझं, तोच पंखा, ५,१५०. मीटर मी आणला, पण अक्कल त्याची. पंखा बदलायच्या आधी होडीचा तळ बघायचा, हे मला मॅन्युअलमध्ये कुठे सापडलं नव्हतं.

रिकाम्या होडीला आता ५,८०० येतात. सहा हजारांच्या आत, म्हणजे तेही ठीक. आणखी लहान पिच लावला असता तर रिकामं परतताना इंजिन मर्यादेबाहेर गेलं असतं, तीही भानगड असतेच. रिकाम्या होडीचा वेग किंचित उतरलाय, हे दादा दर फोनला ऐकवतो. आवाज मात्र मोकळा झालाय. भरल्या होडीत पूर्वी मूठ पूर्ण पिळूनच ठेवायला लागायची, आता तो पाऊणवर चालवतो.

पंखा काढलाच होता म्हणून एक गोष्ट दिसली. शाफ्टवर तंगूस गुंडाळलेला, घट्ट, दाताने चावल्यासारखा सीलमध्ये शिरत असलेला. तो सील कापला गेला की गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं, ऑइल दुधासारखं पांढरं होतं, आणि मग गिअर गेले. जाळ्यांच्या कामात हे व्हायचंच. तेव्हा महिन्यातून एकदा पंखा काढून शाफ्ट बघायचा, थोडं ग्रीस लावायचं, एवढं दादाकडून कबूल करून घेतलंय. करतो की नाही देव जाणे.

जुना दहाचा पंखा त्याने टाकला नाही. रंग देऊन घरात खुंटीला टांगून ठेवलाय, अडीअडचणीला म्हणून.

मीटर अर्थातच मला परत मिळाला नाही. तो आता वाडीभर फिरतो. मागच्या शिमग्याला दादाचा फोन आला, वैतागलेला.

"रे, तुझो मीटर बिघाडलो. ह्येचा इंजिन आठ हजार चारशे दाखवता!"

'हा' म्हणजे शेजारी. त्याचं इंजिन जुनं, दोन स्ट्रोकचं. ते दर फेऱ्याला एक ठिणगी टाकतं, आणि मीटर कुणीतरी दोन फेऱ्यांना एक ठिणगी असा लावून ठेवला होता, म्हणून दुप्पट आकडा. मी त्याला म्हटलं, निम्मं कर.

"चार हजार दोनशे," दादा म्हणाला. मग जरा थांबला. "बोट भरलेली आसा." आणि फोन न ठेवताच ओरडला, "रे, तुझ्या पंख्यार आकडो काय लिवलो हा, बघ!"