आजीला इस्त्री करू नका!

मागच्या सोमवारी मी आजीला इस्त्री केली. दचकू नका, फोटोतल्या! पण गुन्हा तो गुन्हाच, आणि कबुलीजबाब द्यायला हा कॉलम आहेच.

झालं असं की, रविवारी आजीचं वर्षश्राद्ध होतं. आई म्हणाली, "तू काढलेला तो शेंगा फोडतानाचा फोटो फ्रेम करून आण." निगेटिव्ह स्कॅन करून लॅबमधून प्रिंट मारली असती तर तासाभरात विषय संपला असता. पण मास कॉमच्या डिग्रीने मला दोनच गोष्टी दिल्या, फ्रीलान्सिंगची हौस आणि डार्करूमचा किडा. आजी माझ्याच हातून उमटली पाहिजे! बाथरूमच्या खिडकीला काळा कागद, लाल बल्ब आणि डब्यात शिल्लक फायबर पेपर फक्त तीन.

पहिली प्रिंट सुरेख आली. धुऊन दोरीला टांगली, पंखा फुल्ल. सकाळी बघते तर आजीचा पापड!

कारण सोप्पं आहे. फोटोच्या वरच्या बाजूला जिलेटिनचा थर असतो, खाली कागद. वाळताना जिलेटिन जास्त आक्रसतं आणि कागदाला आपल्याकडे ओढतं. आरसी पेपरला हे टेन्शन नाही. त्याला दोन्हीकडून प्लास्टिकचं अस्तर असतं. फायबर मात्र पोटभर पाणी पितो आणि मग रुसतो.

मी काय केलं? कुर्त्याला करते तशी वाफेची इस्त्री फिरवली. वाफेने जिलेटिन मऊ झालं आणि वर घातलेल्या ओढणीला आजीचा अर्धा चेहरा चिकटून आला. ती ओढणी मी अजून धुतलेली नाही.

उरले दोन पेपर. दुसऱ्या वेळी शहाणी झाले. तुम्हीही व्हा.

आधी धुणं. फायबरला साधारण तासभर पाणी लागतं. आमच्याकडे नळ सकाळी दोनच तास, म्हणून ट्रेमधलं पाणी पुन्हापुन्हा बदललं. कंटाळा करू नका, आत हायपो राहिला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो.

मग प्रिंट काचेवर ठेवून रबराच्या वायपरने हलक्या हाताने पाणी निपटायचं, आधी पाठीवरून, मग पुढून. खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी स्वच्छ धुऊन, चौकटीवर ताणून, तिच्यावर प्रिंट पालथी घालायची. खालून-वरून हवा लागते. पंखा बंद! सावकाश वाळली की कमी वळते. वर्तमानपत्रावर तर ठेवूच नका, चिकटलं की बातमीसकट फोटो. पावसाळी हवेत माझी प्रिंट वाळायला पूर्ण दीड दिवस लागला.

पूर्ण वाळल्यावरच सपाट करायची. दोन स्वच्छ, अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्डांच्या मध्ये प्रिंट, वर वजन. मी मास कॉमची सगळी पुस्तकं रचली. डिग्रीचा एवढा ठोस उपयोग आजवर झाला नव्हता! इस्त्री करायचीच असेल तर वाफ बंद, आच अगदी कमी, मध्ये कोरा कागद आणि फक्त पाठीवरून. मी मात्र तिला हात लावला नाही. गुरुवार ते रविवार रोज वाटायचं, उचलून बघावं. नाही बघितलं.

रविवारी सकाळी पुस्तकं काढली. एक कोपरा किंचित वर होता, बाकी आजी सरळ. फ्रेममध्ये काच आणि फोटोच्या मध्ये माउंट घातला, कारण दमट हवेत जिलेटिन काचेलाही चिकटतं.

आईने फ्रेम हातात घेतली. मी कोपऱ्याबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाली, "नखातली माती पण आलीय गं."

तिसरा पेपर अजून डब्यात आहे. आता घाई नाही.