आरोपीचा पैसा आधी पोहोचतो

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नांदेड
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, लातूर



पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, गुन्हा नोंदवून आई-बाप पोलीस ठाण्यातून घरी येतात आणि चार-आठ दिवसांत दारात माणसे येऊ लागतात. कधी भावकीतला जाणता, कधी मुकादम, कधी आरोपीचा मामा. बोलणे ठरलेले असते. झाले ते झाले, पोरीचे उद्या लग्न करायचे आहे, कोर्टात गेलात तर चार गावांत नाव निघेल, काय पाहिजे ते सांगा आणि मिटवून टाका. हा गुन्हा आपसात मिटत नाही, हे या माणसांनाही ठाऊक असते. पण साक्ष फिरवता येते. पोरगी कोर्टात ‘मला काही आठवत नाही’ म्हणाली की काम झाले.

मी वकिली करते. साक्षीदार फितूर झाला की आम्ही त्याच्यावर चिडतो. पण त्या घराचा हिशेब कुणी मांडत नाही. आईचे रोजगार बुडालेले असतात, कारण वैद्यकीय तपासणी, जबाब, ओळख परेड, तारीख, सगळीकडे तीच जाते. किनवट-माहूरकडच्या बाईला नांदेड गाठायचे तर अख्खा दिवस आणि एसटीचे भाडे. बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगाम तोंडावर असतो. पोरीची शाळा सुटलेली असते. अशा घरात रोख दोन लाख घेऊन माणूस बसला आहे आणि कायद्याचा पैसा कुठे आहे, याचा पत्ताच नाही. मग कोण जिंकणार?

कायद्याचा पैसा आहे, म्हणूनच हे पत्र. पोक्सो नियम 2020 मधला नववा नियम विशेष न्यायालयाला एफआयआरनंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाईचा आदेश देऊ देतो. न्यायालय तो आपणहून देऊ शकते. आरोपी सुटला, सापडलाच नाही, तरी मुलाचे नुकसान झाले असेल तर भरपाई देता येते. ती ठरवताना बुडालेली शाळाही धरायची, असे नियमातच लिहिले आहे. आदेश हातात आल्यापासून 30 दिवसांत शासनाने रक्कम द्यायची. त्याआधीचा आठवा नियम तर अन्न, कपडे, प्रवास यांसाठी आहे. बाल कल्याण समितीने शिफारस केली की आठवड्यात पैसे. आपल्या राज्याची अत्याचारपीडितांना मदत देणारी मनोधैर्य योजना 2 ऑक्टोबर 2013 पासून आहे आणि 2017 साली तिची कमाल मर्यादा 10 लाखांपर्यंत नेली गेली. मुलग्यांनाही यात जागा आहे. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली भरपाईच्या बाबतीत पोक्सो हा मुलगा-मुलगी भेद न करणारा कायदा आहे, हे लक्षात ठेवायला विशेष न्यायालयांना सांगितले.

म्हणून माझी पहिली मागणी घाईची आहे. गुन्ह्याची माहिती बाल कल्याण समितीकडे 24 तासांत जाते. त्याच दिवशी ती आपल्याकडेही यावी आणि आपल्या पॅनेलवरचा वकील किंवा विधी स्वयंसेवक अर्ज घेऊन त्या घरी जावा. त्या घराने आपला पत्ता शोधत येऊ नये. अपघात झाला की क्लेमसाठी वकील दवाखान्याच्या दारात उभे असतात. लेंडी धरणात जमीन गेलेल्या माणसाला मावेजा हा आपला हक्क आहे, हे कुणी शिकवावे लागले नाही. फक्त या एका नुकसानीचे पैसे मागायला बाई कचरते, कारण गाव म्हणते, अब्रूचे पैसे घेतले. ही लाज मोडायची तर कोर्टाच्या शिक्क्याचा माणूस तिच्या ओट्यावर बसून बोलला पाहिजे.

अर्जासोबत पासबुक लागते, तिथेही एक गाठ आहे. मुलाच्या खात्यावर पालक म्हणून बहुधा बापाची सही असते. आरोपी बापच असेल तर? चुलता असेल आणि बाप त्याच्या बाजूने असेल तर? आईला पालक म्हणून खाते उघडता येते आणि दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्याही नावाने उघडता येते. पण बँकेच्या काउंटरवर ‘वडिलांना घेऊन या’ एवढे एक वाक्य त्या बाईला परत पाठवायला पुरते. दोन्ही जिल्ह्यांच्या अग्रणी बँकांना आपण एक पत्र लिहिलेत तर हे वाक्य थांबेल.

ऊसतोडीच्या लेकरांचे वेगळे. घर मुखेड, कंधार नाही तर जळकोटला, गुन्हा घडला सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर. पट्टा पडला, हंगाम संपला की कुटुंब गावी परतते आणि खटला तिकडेच राहतो. अर्ज कोणत्या जिल्ह्याचा, हा प्रश्न त्या आई-बापाचा नाही, कार्यालयांचा आहे. आपण अर्ज इथेच घ्यावा आणि पुढे पाठवायचे काम आपल्या टपालाने करावे.

आता दिवाणी दाव्याबद्दल, ज्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणीच बोलत नाही. 2021 साली भोकरच्या न्यायालयाने एका चिमुकलीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या प्रकरणात काही महिन्यांत फाशी सुनावली, तेव्हा सगळा मराठवाडा त्याबद्दल बोलला. शिक्षेची भूक मला समजते, ती मलाही आहे. पण जे लेकरू जगले, त्याला पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगायचे आहे. त्याने गुन्हेगारावर, किंवा ज्या वसतिगृहाने, क्लासने, संस्थेने डोळेझाक केली तिच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला, तर कायदा आडवा येत नाही. अज्ञान असताना वादमित्रामार्फत दावा लावता येतो. लातूरच्या ट्युशन एरियात बाहेरगावची हजारो मुले खोल्या आणि होस्टेलांत राहतात. त्यांच्या सुरक्षेची हयगय झाली तर ती हयगय पैशातही भोगावी लागेल, हे मालकांना कळले पाहिजे. मुंबईच्या अँकोरेज आश्रमात मुलग्यांवर अत्याचार करणाऱ्या दोन ब्रिटिशांना सत्र न्यायालयाने 2006 साली तुरुंगवासाबरोबर प्रत्येकी 20 हजार पौंडही भरायला लावले होते. उच्च न्यायालयाने त्यांना सोडले, पण 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. गुन्हेगाराच्याच खिशातून पैसा काढता येतो, हे तेव्हाच दिसले आहे.

अडचण मुदतीची आहे. फौजदारीत पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांना मुदत नाही. दिवाणी दाव्याला मात्र मुदत कायदा 1963 लागू, म्हणजे सर्वसाधारणपणे सज्ञान झाल्यावर तीन वर्षे. एकविसाव्या वर्षी दार बंद. त्या वयात आपल्याकडची मुलगी सासरी असते, मुलगा पुण्यात कामाला लागलेला असतो, आणि घडले ते तोंडावर आणायला कित्येकांना तिशी-चाळिशी उजाडते. न्यूयॉर्क राज्याने 2019 साली कायदा बदलून ही मुदत वयाच्या 55 वर्षांपर्यंत नेली आणि जुन्या प्रकरणांसाठी काही काळ दार उघडे ठेवले. ऑस्ट्रेलियाने चौकशी आयोगानंतर 2018 पासून संस्थांमधल्या जुन्या अत्याचारांसाठी भरपाईची राष्ट्रीय योजना सुरू केली. देशातली ही मुदत बदलणे आपल्या हातात नाही, पण तशी शिफारस राज्य प्राधिकरणामार्फत वर पाठवणे आहे. आणि तोवर मूल अठराचे झाले की त्याला या मुदतीबद्दल सांगणे आहे. पत्र पाठवून नको. ते सासरी कुणी फोडले तर संसार मोडेल. बाल कल्याण समितीने नेमलेल्या आधारव्यक्तीने भेटून, एकांतात, सांगावे.

मुदतीत दावा लावला तरी नावाचे काय? फौजदारी खटल्यात पीडितेचे नाव झाकतात. दिवाणी दाव्यात वादपत्रावर नाव, समन्सवर नाव, रोजच्या बोर्डावर नाव, आणि बेलिफ समन्स घेऊन त्याच गावात. मा. अध्यक्षांनी जिल्हा न्यायालयाचे प्रमुख म्हणून हे दावे सांकेतिक नावाने नोंदवण्याची प्रशासकीय सोय मागावी. कोर्ट फीची भीतीही काढावी. हिंसेशी संबंधित प्रकरणांत महिलांना महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने माफी आहे आणि विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्री आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही दोन वाक्ये आपल्या कार्यालयाबाहेर आणि प्रत्येक तालुका न्यायालयाच्या भिंतीवर ठळक मराठीत रंगवायला काहीच खर्च नाही.

पुढच्या आढावा बैठकीत एक आकडा मागवावा, ही विनंती. मागच्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांत पोक्सोचे किती गुन्हे नोंदले, त्यातल्या किती प्रकरणांत अंतरिम भरपाईचा अर्ज झाला, आणि एफआयआरपासून पहिला रुपया खात्यात पडेपर्यंत किती दिवस गेले. आकडा आला की तो जाहीर करावा.

या पत्राची प्रत नांदेड आणि लातूरच्या बाल कल्याण समित्यांना आणि दोन्ही जिल्हा वकील संघांना पाठवत आहे. पॅनेलवर माणूस कमी पडला तर अर्ज भरायला आणि घरी जायला मी विनामोबदला येईन.

आपली,
एक वकील, लातूर